दोन शॉकची जुनी ट्रायल गाडी: आधी ढिलाई काढा, मग रंगाचं बघा

ट्रायल म्हणजे मोटरसायकलवरची तोल आणि कौशल्याची स्पर्धा. ट्रायलची गाडी माणसाच्या चालीने चालते. दगडांवरून, ओल्या मुळांवरून, ओढ्याच्या पात्रातून, पाय खाली न टेकता. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३, आणि पडलात किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेलात की ५. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला.

हे आधीच सांगून टाकलं, कारण अशी गाडी दुरुस्त करताना घ्यायचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या चालीवरूनच ठरतो. हँडलच्या बेअरिंगमधला बारीक खड्डा रस्त्यावर ६० च्या वेगात जाणवतही नाही. ट्रायलमध्ये तोच खड्डा नेमक्या वळणावर हँडल अडवतो आणि पाय खाली येतो. त्यामुळे माझा एकच आग्रह आहे: जिथे ढिलाई आहे ती काढा, जिथे अडकतं तिथे मोकळं करा. चकाकी नंतर.

मी पेशाने फिटर. बरीच वर्षं टूलरूममध्ये काढली. माझी गाडी यामाहा टीवाय १७५, म्हणजे १७१ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, रीड व्हॉल्व्ह, पॉइंटचं (उघडझाप करणाऱ्या संपर्काने ठिणगी देणारं) इग्निशन, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. मागे दोन शॉक असलेल्या या गाड्यांचा काळ साधारण १९६५ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. १९६५ मध्ये सॅमी मिलर या चालकाने स्पेनच्या बुल्टाको कंपनीच्या शेर्पावर स्कॉटलंडमधली सहा दिवसांची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली आणि हलक्या टू-स्ट्रोकचं युग सुरू झालं. मग माँटेसा कोटा, ओसा, पुढे यामाहा, होंडा, फँटिक आल्या. १९७५ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मार्टिन लॅम्पकिन बुल्टाकोवरच जिंकला. पुढे एकच शॉक, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि डिस्क ब्रेक आले आणि या गाड्या कोपऱ्यात गेल्या. सुदैवाने सुटे भाग आजही नव्याने बनतात, अगदी कारखाना बंद पडलेल्या बुल्टाको-ओसाचेसुद्धा.

आधी बघा, मग उघडा

गाडी घरी आली की हात शिवशिवतात. आवरा. पहिला दिवस वही, पेन्सिल आणि टॉर्चचा.

चौकटीपासून सुरुवात करा. तडे तीन ठिकाणी शोधायचे: फूटरेस्टचे ब्रॅकेट, हँडलच्या नळीखालचा सांधा आणि मागच्या शॉकचे वरचे आधार. रंग केसासारखा फाटलेला दिसला आणि त्या फटीत गंजाची तांबूस रेघ असली, तर तिथे तडा आहे असंच धरून चाला आणि तेवढा भाग खरवडून बघा. माझ्या गाडीत डाव्या फूटरेस्टखाली असा तडा निघाला. कुणीतरी त्यावर जाड रंग फासून ठेवला होता. चौकटीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांकही याच दिवशी उतरवून घ्या आणि कागदपत्रांशी जुळवा.

मग गाडी एखाद्या खोक्यावर चढवा, दोन्ही चाकं अधांतरी ठेवा आणि एकेक जागा हलवून बघा. पुढचा फोर्क खालून धरून पुढे-मागे, मागचं चाक वरून धरून डावी-उजवीकडे, फूटरेस्ट वर-खाली, किकचा दांडा, गिअरचा दांडा. जे हलायला नको ते हलतंय, आणि जे हलायला हवं ते अडतंय, अशा दोन याद्या वहीत करा. पुढच्या कामाचा आराखडा म्हणजे या दोन याद्याच.

इंजिन बरीच वर्षं बंद असेल तर लगेच किक मारू नका. प्लग काढा, आत चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी हाताने हळू फिरवा. मोकळं फिरलं तर साफ कार्बोरेटर आणि ताजं पेट्रोल देऊन एकदा सुरू करून बघा. चालतं इंजिन खोलण्याआधीच निम्मा रोग सांगून टाकतं. कुठून आवाज येतो, कुठल्या रंगाचा धूर येतो, गरम झाल्यावर रेस खाली येते की वरच लटकते, सगळं लिहून ठेवा.

खोलताना फोटो काढा, पण निव्वळ फोटोंवर विसंबू नका. वायर कुठल्या बाजूने गेली, केबल कशाच्या मागून आली, कुठल्या बोल्टखाली किती वायसर होते, याची चित्रं हाताने काढलेलीच पुढे कामाला येतात. चाकाचे स्पोक कापायच्या आधी रिम हबच्या मानाने किती मिलिमीटर बाजूला आहे ते मोजून ठेवा. ते माप एकदा गेलं की परत मिळवताना जीव जातो.

जपानी गाड्यांवरच्या स्क्रूंबद्दल एक गोष्ट. त्यांच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखी दिसते, पण ती जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. तरी हलला नाही तर स्क्रूभोवतीची केस हॉट एअर गनने तापवा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. माझ्या क्लच कव्हरचे दहाही स्क्रू असे सुटले, त्यातले दोन तापवल्यावर.

ढिलाई

स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा आधार. त्याचा बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, ही या गाड्यांची दुखरी जागा. वर्षानुवर्षं चिखल आणि पाणी, ग्रीस क्वचितच. शॉक काढून ठेवा आणि स्विंगआर्मचं मागचं टोक दोन्ही हातांनी आडवं हलवा. टोकाशी २ मिलिमीटर हललं तर ओढ्यातल्या तिरक्या दगडावर मागचं चाक स्वतःच्या मर्जीने वागणार. पिन मायक्रोमीटरने मोजा, मध्ये आणि दोन्ही टोकांना. माझी पिन टोकांना बोटाला जाणवेल इतकी खंगली होती. नुसता बुश बदलला असता तर महिनाभरात पुन्हा तेच झालं असतं, म्हणून पिनही नवी घातली. नवा बुश दाबून बसवल्यावर आतून किंचित आकसतो, तेव्हा रीमर फिरवून पिनच्या मापाला आणावा लागतो. नीट जमलं की स्विंगआर्म स्वतःच्या वजनाने सावकाश खाली येतो, पण आडवा मुळीच हलत नाही. हे डोळ्यांनी पाहण्यात मोठं समाधान आहे.

हँडलचं बेअरिंग तपासताना आधी केबल सोडवून ठेवा, नाहीतर त्यांचाच ताण तुम्हाला फसवतो. पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळू फिरवा. बरोबर मध्ये ‘टक्’ करून बसल्यासारखं वाटलं तर कपांमध्ये गोळ्यांचे खड्डे पडलेत. चाक सरळ असताना सगळे मार तिथेच बसतात, म्हणून खड्डे मध्येच पडतात. ग्रीस भरून ते जात नाहीत. मी टेपर रोलर बेअरिंग घातली. नट इतका आवळायचा की फोर्क पुढे-मागे हलवल्यावर ठोका येऊ नये आणि हँडल मधून थोडं ढकललं की आपल्याच भाराने बाजूला झुकावं.

फोर्कच्या नळ्या काचेच्या सपाट तुकड्यावर लाटून बघा. वाकलेली नळी लगेच उड्या मारते. सील जिथे घासतं त्या भागात क्रोमला गंजाचे खड्डे असतील तर नवं सील आठवड्यात फाटेल. नळी पुन्हा क्रोम करून ग्राइंड करून घ्या किंवा नवी आणा. चाक परत बसवताना आधी अ‍ॅक्सलचा नट आवळा, मग पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा दाबा, आणि शेवटी खालचा क्लॅम्प आवळा. हा क्रम चुकला तर दोन्ही पाय एकमेकांना ओढत राहतात, आणि लोक उगाच ऑइलला दोष देतात.

शॉकच्या बाबतीत मूळ लांबी सांभाळा. लांब शॉक घातला की गाडीची शेपटी उचलली जाते, फोर्कचा कल उभा होतो आणि पुढचं चाक चंचल होतं. स्प्रिंग मऊ हवी. तुम्ही फूटरेस्टवर उभे राहिलात की एकूण प्रवासाच्या साधारण तिसरा हिस्सा शॉक बसला पाहिजे. कडक स्प्रिंगवर मागचं चाक दगडावरून उसळतं, आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते.

टायर ट्रायलचाच हवा: पुढे २.७५-२१, मागे ४.००-१८, मऊ रबराचा, चौकोनी ठोकळ्यांचा. जुन्या रिमवर ट्यूबचा टायर घ्या. आजकालच्या गाड्यांचा ट्यूबलेस टायर या रिमवर नीट बसत नाही. हवा पुढे ५-६ पीएसआय, मागे ४-५. इतक्या कमी हवेत टायर रिमवर घसरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटू शकतो, म्हणून रिममध्ये टायर धरून ठेवणारे सिक्युरिटी बोल्ट हवेतच. आणि हवा मोजायला कमी दाबाचं गेज घ्या. ६० पीएसआयच्या गेजवर ४ आणि ७ मधला फरक वाचता येत नाही.

इंजिन

माझं इंजिन सुरू झालं तेव्हा पांढरट धूर सोडत होतं. मी रिंग बदलल्या. धूर तसाच. दोन आठवडे गेल्यावर गिअरबॉक्सचं ऑइल काढून मोजलं, तर भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं, आणि बाहेर गळती कुठेच नव्हती. तेव्हा उलगडा झाला: क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं होतं आणि इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढून जाळत होतं. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, रेस सोडली तरी इंजिन चढलेलंच राहतं आणि शेवटी पिस्टन सीझ होतो. पन्नास वर्षांचं रबर कडकच झालेलं असणार, तेव्हा दोन्ही सील डोळे झाकून बदला. काही इंजिनांत सील बाहेरून उपसता येतं, काहींत सीलची कडा आतून अडकलेली असते आणि केस फोडावी लागते. ओढाताण करण्याआधी ती कडा बघा.

सील नीट बसलं का याची खात्री दाबाने करतात. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचांनी बंद करा, प्लगच्या भोकातून ६ पीएसआय हवा भरा, हातपंपाने, कॉम्प्रेसरने नाही. ६ मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

सिलेंडर बोअर करायची वेळ आली तर आधी पिस्टन आणा आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. बोअरिंगनंतर पोर्टच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या कडा बारीक कानशीने किंवा छोट्या दगडाने हलक्या मोडून घ्या, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते. सिलेंडर धुताना आधी रॉकेल, मग साबण आणि गरम पाणी. पांढरा कपडा आतून फिरवून पांढराच बाहेर येईपर्यंत धुवा, आणि लगेच ऑइल लावा.

फ्लायव्हील पुलरनेच काढा. हातोडीने क्रँकचं टोक मार खातं. आणि ते हलकं करायचा मोह टाळा. ट्रायलचं फ्लायव्हील मुद्दाम जड ठेवलेलं असतं, म्हणून इंजिन अगदी मंद फिरतानाही बंद पडत नाही. पॉइंट साफ करून फट ०.३५ मिलिमीटर ठेवा, फेल्टला ग्रीसचा थेंब द्या, कंडेन्सर नवा घाला. टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज लावून, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्यावर जुळवा. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकतं, म्हणून फट आधी, टायमिंग नंतर.

कार्बोरेटरमध्ये बहुतेक त्रास पायलट जेटचा, म्हणजे मंद चालीला पेट्रोल देणाऱ्या बारीक जेटचा असतो. ट्रायलची गाडी निम्मा वेळ त्याच जेटवर चालते. जेट उजेडाकडे धरा: भोक गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे. कडेला पिवळसर वार्निशचा पापुद्रा असेल तर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा आणि हवेने उडवा. तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. साफ केल्यावरही मंद चाल अस्थिर असेल तर इनटेकचं रबर वाकवून बघा. बाहेरून धड दिसणारं रबर वाकवलं की आत फाटलेलं दिसतं.

ऑइलच्या प्रमाणावर वाद भरपूर आहेत. जुनी पुस्तकं त्या काळच्या ऑइलसाठी २०:१ सांगतात. आताच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलने ५०:१ वर बरेच जण निर्धास्त चालवतात आणि मीही तेच करतो. फक्त प्रमाण बदललं की जेटिंग पुन्हा तपासा, कारण ऑइल वाढवलं की तेवढंच पेट्रोल कमी जातं. ऑइलचा पंप काढून टाकलेला असेल तर त्याचं भोक नीट बंद केलंय ना, तेही बघून घ्या.

क्लच एका बोटाने दबला पाहिजे. आणि दाबल्यावर पूर्ण सुटला पाहिजे, गाडी पुढे सरकता कामा नये. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून फिलर गेज घाला, वाकडी असेल तर टाकून द्या. क्लच बास्केटच्या दातांमध्ये प्लेटने खाल्लेल्या खाचा असतील तर सपाट कानस हलक्या हाताने फिरवा. तिथेच प्लेट अडकते. पातळ ऑइल वापरा. या बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत लोक एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) घालतात आणि क्लच मोकळा सुटतो. बुल्टाकोत क्लचच्या बाजूचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं भरायचं असतं, एकातच ओतून मोकळे होऊ नका. केबल मोठ्या वळणाने न्या, मधे तीव्र कोन नको.

ब्रेक

जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. ओल्या कपड्याने पुसा, कपडा पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क लावा.

नवे शू बाजारातून येतात ते क्वचितच तुमच्या ड्रमला पूर्ण टेकतात. मी लायनिंगवर खडूच्या रेघा ओढल्या, चाक फिरवत ब्रेक दाबला आणि उघडून पाहिलं: खडू फक्त मधल्या बोटभर पट्टीत पुसला गेला होता. म्हणजे तेवढीच पट्टी ब्रेक लावत होती. शू प्लेटवर बसवून, कॅमखाली पातळ पत्रा घालून, लेथवर ड्रमच्या मापाला वळवून घेतले. नंतर खडू जवळजवळ पूर्ण पुसला गेला. लायनिंगच्या पुढच्या कडेला थोडा उतार द्या, म्हणजे ब्रेक झटक्याने धरत नाही. ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरचा दांडा केबलशी काटकोनात यावा. त्याच कोनात जोर सर्वांत जास्त मिळतो.

टाकी

टाकी फायबरग्लासची असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. बुल्टाको, ओसा आणि जुन्या माँटेसांवर अशा टाक्या होत्या. पेट्रोलमधलं इथेनॉल त्यातलं रेझिन मऊ करतं. बाहेरचा रंग फुगतो, आत चिकट राळ सुटते आणि ती कार्बोरेटरमधून थेट इंजिनात जाते. इथेनॉल सोसणारं इपॉक्सी अस्तर आतून लावून घ्या, आणि तरीही चालवून झाल्यावर टाकी रिकामी करा. लोखंडी टाकी गंजली असेल तर सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी भरून ठेवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच सुकवा. माझ्या टाकीवरचा पोचा मी तसाच ठेवलाय.

रंग सगळ्यात शेवटी. पावडर कोटिंगला देण्याआधी बेअरिंगच्या जागा, आटे आणि क्रमांकाचा पट्टा झाकून द्या. जाड थरात कोरलेला क्रमांक बुजतो.

नंतरची निगा

चिखलातून आल्यावर कमी दाबाच्या पाण्याने, ब्रशने धुवा. प्रेशर वॉशर हब आणि स्विंगआर्मकडे नेऊ नका, तो सीलमधून पाणी आत ढकलतो. ओढ्यातून गेली असेल तर त्याच संध्याकाळी चाकं काढून ड्रम पुसतो. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर शूला तांबडी झाक येते.

फोमचा एअर फिल्टर प्रत्येक वेळी धुऊन, फिल्टर ऑइल लावून, पिळून बसवा. चेन सैलच ठेवा, पण मोजून: गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वांत ताणलेली असते. शॉक सोडून स्विंगआर्म त्या रेषेत आणा आणि तिथे थोडी सैल राहील अशी जुळवा. मग शॉक लावून, गाडी उभी असताना चेन किती झुलते ते मोजून वहीत लिहा. पुढे तेवढाच आकडा पुरतो. सायलेन्सर आतून ऑइलने चोंदतो. इंजिन वरच्या रेसला गुदमरू लागलं की एक्झॉस्टच्या पोर्टमधला कार्बन लाकडाच्या पट्टीने खरवडा, पिस्टन खाली आणून आणि उडालेला चुरा पुसून घेऊन.

दोन-तीन महिने चालवायची नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करतो. मग किकने हळूहळू फिरवत पिस्टन वर आणून ठेवतो, म्हणजे एक्झॉस्टचं दार बंद राहतं आणि दमट हवा सिलेंडरमध्ये जात नाही. क्लचचा दांडा दाबून दोरीने हँडलला बांधतो, म्हणजे प्लेट एकमेकींना चिकटत नाहीत. आणि त्या दोरीलाच एक चिठ्ठी अडकवतो: ‘वाटी रिकामी, हवा १० वर ठेवली, मागचा ब्रेक जुळवायचा आहे.’